पाहुण्यांचा दर

३ मार्च, सोमवार. सकाळ.
लेकीच्या घरी पोचलो. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. लेकीला नववा लागलाय. ही तिला जवळ घेऊन रडली. मी चपला जागेवर लावल्या.
जावईबापू लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. इतका गरीब माणूस की लिफ्टचं दारसुद्धा पाठीमागे हळू लावतो. अशाने जगात निभाव कसा लागणार? मी आहे तोवर चार गोष्टी शिकवीन म्हणतो.
नवी वही, नवा संकल्प. परक्या देशात हात उचलायचा नाही. हिने विमानात वदवून घेतलं. मला त्यात अवघड काही वाटत नाही. मी मुळात शांत. गेल्या वर्षी बाजारात जे झालं, त्यात तो व्यापारी स्वतःच पायरीवरून घसरला होता.
उपायही ठरलाय. राग आला की डोळे मिटायचे आणि जप करायचा. माळ खिशात ठेवली आहे.

संध्याकाळ.
लेकीने समोर बसवून सांगितलं. जावईबापूंची पक्क्या कार्डासाठी चोवीस तारखेला मुलाखत आहे. सध्याचं हिरवं कार्ड रहिवाशाचं खरं, पण कच्चं. आठ वर्षांत त्यांच्या नावावर बसचा दंडसुद्धा नाही, म्हणून बोलावणं आलं. पक्कं मिळालं तर घर, दवाखाना, येणारं बाळ, सगळं इथल्या लोकांच्या बरोबरीने. नाही मिळालं तर हिरवंही काढून घेतात आणि पाहुण्यांचं पिवळं हातात देतात. तेव्हा बाबा, चोवीस तारखेपर्यंत जपून.
मला का सांगत होती कोण जाणे. मुलाखत माझी थोडीच आहे?

४ मार्च, मंगळवार.
सकाळी हिला आणि लेकीला घेऊन बागेत गेलो. लेकीला डॉक्टरने चालायला सांगितलंय. फाटकाशी दोन खिडक्या. एकीवर रहिवासी, दुसरीवर पाहुणे. पाहुण्यांना तिप्पट.
मी तीस वर्षं बाजारात काट्यावर उभा आहे. पोतं कोणाचंही असो, काटा मालकाचं तोंड बघत नाही. लेकीला म्हटलं, विचार ह्यांना, पाहुणा तिप्पट हवा घेतो का? तिप्पट गवत तुडवतो का? लेक म्हणाली, बाबा, इथे असंच आहे, पैसे मी देते. पैशाचा प्रश्नच नव्हता.
फाटकावरचा गणवेशवाला माझ्या छातीला हात लावून मागे सरा म्हणाला. मी डोळे मिटले. जप सुरू केला. डोळे मिटलेले असल्यामुळे माझा हात नेमका कुठे गेला ते मी पाहिलेलं नाही. उघडले तेव्हा तो फुलांच्या वाफ्यात बसलेला होता, टोपी बाजूला.
मी फक्त बाजूला केलं होतं. तीस वर्षं वजनं उचलून हात जरा जड झालाय, त्याला मी काय करू?
लेकीने माफी मागितली. पोटाकडे बघून सोडलं आम्हाला. घरी येईपर्यंत ही एक शब्द बोलली नाही. घरी आल्यावर बोलली.

७ मार्च, शुक्रवार.
बस. एकटाच निघालो होतो, जरा शहर बघावं म्हणून. तिकीट काढलं, पण मशीनमध्ये घालून छाप मारायचा असतो हे कुणी सांगावं तर ना. शेजारी कानाला रिंग घातलेला एक तरुण, त्यानेही मारला नव्हता. तपासनीस आला. गुन्हा एक, बस एक, बाक एक. तरुणाला दंड एक नोट. माझा पासपोर्ट बघून मला पाच नोटा.
गावच्या शाळेतले आमचे गुरुजी आठवले. पाटलाचा मुलगा असो की माझ्यासारखा, छडी सारखीच. हात सुजायचे, पण मन दुखायचं नाही.
मी तपासनिसाला खुणेने समजावलं. तरुणाकडे बोट, माझ्याकडे बोट, मग दोन्ही हातांचा तराजू करून दाखवला. तो हसला. मी जप सुरू केला. जप चालू असतानाच त्याच्या गळ्यातल्या पावतीच्या मशीनचा पट्टा माझ्या हातात आला. बस वळली. मी पट्टा सोडला नाही, त्याने मान सोडली नाही, आणि त्याचं कपाळ पुढच्या दांड्यावर आपटलं. वळण ड्रायव्हरने घेतलं, हे मी चौकीत पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या रिंगवाल्याने मागून माझ्या कानाखाली काढली. ज्याच्या बरोबरीसाठी मी भांडत होतो, त्यानेच! कान अजून गुणगुणतोय.
मारामारीचा दंडही पाहुण्यांच्या दराने. वर पासपोर्टावर शिक्का मारला. लेकीने वाचून दाखवला. आणखी एक तक्रार आली तर त्याच दिवशी विमानात बसवून परत पाठवणार.
लेक म्हणाली, बाबा, तुम्ही बाळ न बघता जाणार का?
मी म्हटलं, वेडी आहेस. आजपासून हात खिशात.

८ मार्च, शनिवार.
दिवसभर हात खिशात ठेवले. पाणी पिताना अडचण झाली, बाकी काही नाही. ही म्हणाली, शिवूनच टाकते ते खिसे.
जावईबापूंनी संध्याकाळी जवळ बसून हळूच सांगितलं, मामा, मीही पहिली दोन वर्षं सगळीकडे पाहुण्यांचाच दर दिला. द्यायचा आणि पुढे चालायचं. त्रास होतो, मग होईनासा होतो.
वाईट वाटलं. एवढा धडधाकट माणूस आणि रागच संपलाय.

११ मार्च, मंगळवार. सकाळ.
केस वाढलेत. इमारतीखालीच न्हाव्याचं दुकान. भिंतीवर दर लिहिलेले, दोन रांगांत. मी ठरवलंय की आनंदाने दुप्पट देईन. साधना म्हणून. केस कापणाऱ्याकडे करुणेने बघेन.

त्याच दिवशी, दुपारी.
अर्धे केस कापून झाले आहेत.
करुणेने बघतच होतो. पण माझ्या शेजारच्या खुर्चीत जो रहिवासी बसला होता, त्याच्या डोक्यावर माझ्या तिप्पट केस. काटा लावला असता तर त्याचा ढीग किती भरला असता! आणि दुप्पट मी द्यायचे. मी न्हाव्याला जमिनीवरचे दोन ढीग दाखवले. त्याने मान पुढे दाबली, गप्प बसा म्हणून. कात्री कानाला टोचली. रक्त आलं. मी उठलो तर अंगावरचं कापड मानेला बांधलेलं, ते खुर्चीत अडकलं, खुर्ची आली माझ्याबरोबर आणि आरसा आला खुर्चीबरोबर.
मी न्हाव्याला दोन दिल्या. त्याने आणि आतून आलेल्या त्याच्या भावाने मिळून मला चार दिल्या. एक दाढ हलतेय. म्हणजे मारसुद्धा पाहुण्यांच्या दराने!
जावईबापू कामावरून धावत आले. न्हाव्यापुढे हात जोडले. आरशाची किंमत दिली, वर न्हाव्याच्या दुकानाची लिफ्ट, म्हणजे ती माल चढवायची छोटी असते ती, वर्षभर फुकट दुरुस्त करून देतो म्हणाले. तक्रार झाली नाही.
मला म्हणाले, मामा, दुखतंय का?
एवढंच. मला राहून राहून वाटतं, असा स्वभाव बरा नव्हे.

१५ मार्च, शनिवार.
उरलेले अर्धे केस हिने घरीच कापले. कापताना बोलत होती. मी ऐकत होतो, कारण कात्री तिच्या हातात होती. म्हणाली, देवाचं नाव घेऊन लोकांना बडवता, देवाला काय वाटत असेल? म्हटलं, देव सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. म्हणाली, मग तुमची वेळ येऊ दे.
आरशात बघितलं. डोक्यावर केस जवळजवळ नाहीत, मिशी तेवढी राहिली. लेक आत आली आणि दचकली. म्हणाली, क्षणभर मला हेच आलेत असं वाटलं.
खरंच. जावईबापूंनाही टक्कल लवकर पडलंय आणि मिशी अगदी अशीच.
मनात एक विचार आला. लिहून ठेवत नाही.

१८ मार्च, मंगळवार. सकाळ.
लिहूनच ठेवतो. जावईबापू कामाच्या कपड्यांत कार्ड ठेवत नाहीत, ग्रीस लागतं म्हणून. ते चांगल्या कोटाच्या खिशात असतं आणि कोट दारामागे. मी कार्ड घेऊन नुसतं बागेच्या त्या खिडकीशी जाणार आहे. एकदाच. यात खोटं काय? एका घरातली माणसं आम्ही. शिवाय भांडणाचं कारणच उरत नाही, म्हणजे हिला दिलेला शब्दही पाळला जातो. जेवढा विचार करतो तेवढं हे धर्माचंच वाटतं.

दुपार.
जमलं! खिडकीतल्या बाईने वर बघितलंसुद्धा नाही. हिरवा रंग पाहिला आणि तिकीट फाडलं. माझ्या हातून वाफ्यात बसलेला तो गणवेशवाला फाटकाशी होता. टक्कल बघून ओळखलं नसावं, त्याने मला सलाम केला. मीही केला.
आत बाकावर बसलो. तेच झाड, तीच हवा, पण छातीत वेगळीच भरत होती. लोक किती सभ्य आहेत इथले, हे गेले दोन आठवडे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

संध्याकाळ. उजवा डोळा मिटलेला असल्यामुळे अक्षर वाकडं.
बाकावर बसलो असताना फाटकाशी आरडाओरड. कुठल्यातरी तिसऱ्याच देशाचा एक उंच पाहुणा, पाठीला पिशवी, तिप्पट का म्हणून वाद घालत होता. हातवारे करत होता. गणवेशवाला बिचारा समजावत होता. बायका-पोरं बघत होती. मला फार लाजिरवाणं वाटलं. दुसऱ्याच्या देशात यायचं तर रीत पाळावी. बाग राखायला पैसे लागतात. तिप्पट म्हणजे काही फार नाही.
उठून मध्ये गेलो आणि पाहुण्याला शांतपणे दंडाला धरून बाजूला केलं.
त्याचाही हात जड निघाला. पहिला गुद्दा डोळ्यावर. दुसरा ओठावर, ओठ दातात शिरला. मी जप विसरलो, हे कबूल. त्याला कमरेत धरून उचलला, पोतं उचलतात तसा, आणि तिकिटांच्या खिडकीवर टाकला. काच फुटली. त्याने पिशवीने माझं डोकं बडवलं, आत काहीतरी लोखंडी होतं. मी त्याचं बोट चावलं. हलती दाढ गेली. रक्त दोघांचं, शर्ट माझा.
चौकीत नेलं. इथे खरी परीक्षा होती. पासपोर्ट दाखवला तर उद्याचं विमान. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. तिच्यासाठीच मी हिरवं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. पोलिसाने फोटो बघितला, मला बघितलं. तोंड सुजलं की सगळी माणसं सारखीच दिसतात. त्याने काही विचारलं, मी फुटक्या ओठाकडे बोट दाखवून मान हलवली. मग गणवेशवाल्याने माझ्या बाजूने साक्ष दिली.
निकाल तिथल्या तिथे. पाहुण्याला पाचपट. मला एकपट. तो उंच माणूस माझ्याकडे बघत राहिला. काट्याच्या दुसऱ्या पारड्यात बसलो की किती निराळं वाटतं! पण मी वाईट वाटून घेतलं नाही. त्याने सुरुवात केली होती.
घरी सांगितलं, जिन्यावरून पडलो. कार्ड कोटात ठेवलं. कोणाचं काही नुकसान झालं नाही. उलट पाचातले चार वाचले. मुलाखत झाली की सावकाश सांगेन. जावईबापूंना हसूच येईल.

२१ मार्च, शुक्रवार.
डोळा उघडतोय. जावईबापू माझ्यासाठी बर्फ आणतात, जिन्याला नवीन दिवा बसवला त्यांनी. स्वतःच्या खर्चाने. म्हणाले, मामा पडले त्या कोपऱ्यात अंधारच होता.
जेवण जात नाही. दाढेमुळे.
लेक कोटाला इस्त्री करत होती, चोवीस तारखेसाठी. म्हणाली, बाबा, आशीर्वाद द्या. दिला. मनापासून दिला.

२४ मार्च, सोमवार. सकाळ.
जावईबापू नमस्कार करून निघाले. मी सकाळपासून माळ खाली ठेवलेली नाही. मन उगीच घाबरं झालंय. परगावची हवा.

संध्याकाळ.
हे मला लेकीने सांगितलं. ती माझ्याकडे न बघता सांगत होती, खिडकीकडे बघून, समोरच्या भिंतीला सांगावं तसं.
साहेबाने आधी अभिनंदन केलं. आठ वर्षं, चांगलं काम, चांगली वागणूक. मग पडद्यावर पुढचं पान उघडलं आणि थांबला. विचारलं, अठरा तारखेला बागेत मारामारी, काच फोडली, चावा घेतला. तुम्हीच ना?
जावईबापू त्या दिवशी चौदा मजल्यांच्या लिफ्टच्या खड्ड्यात काम करत होते. बरोबर दोन साक्षीदार होते. नाही म्हणता आलं असतं.
पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न, मग तुमचं कार्ड कोणाकडे होतं? दुसऱ्याचं कार्ड वापरणाऱ्याला इथे तुरुंग आहे, आणि देणाऱ्यालाही. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं म्हणे. मग म्हणाले, हो. मीच.
साहेबाने हिरवं कार्ड ठेवून घेतलं. पिवळं दिलं.
लेक म्हणाली, त्यांना कसं कळलं की तुम्हीच, ते विचारायचंय? चावा म्हटल्यावर कळलं, त्याच दिवशी तुम्ही दाढ पाडून घरी आला होतात.

त्याच दिवशी, थोड्या वेळाने.
जावईबापू आले. मी दारातच उभा राहिलो. ठरवलं होतं, ते मारतील आणि मी हात उचलणार नाही. पहिल्यांदाच मनापासून ठरवलं होतं. गाल पुढे केला म्हणा ना. एक सणसणीत बसली असती तर काटा थोडा तरी सरळ झाला असता.
त्यांनी माझ्याकडे बघितलं. चपला काढल्या, जागेवर लावल्या. मग स्वयंपाकघरात गेले आणि कपाटाच्या दारावर मूठ मारली. एकदा, दोनदा, दार फुटलं तरी मारत राहिले. आठ वर्षांचं सगळं त्या दारावर निघत होतं. आतल्या बशा एकेक करून खाली आल्या. लाकडाचे तुकडे, रक्त. लेक ओरडत होती, ही त्यांचा दंड धरून लोंबकळत होती. मी मध्ये गेलो नाही. मारामारीत मध्ये न जाण्याची ही माझी पहिलीच वेळ, आणि तीही चुकीची असावी.
हाताची दोन हाडं मोडली. दवाखान्यात प्लास्टर घातलं. पिवळं कार्ड दाखवून.

२५ मार्च, मंगळवार.
चौकीत जाऊन खरं सांगून टाकतो म्हणालो. कपडे घातले. जावईबापू म्हणाले, बसा मामा. तुम्ही आत जाल, माझी नोकरी जाईल, आणि तुमच्या लेकीपाशी दवाखान्यात कोण थांबणार?
बसलो. त्यांचं म्हणणं योग्य होतं. मीही तसाच विचार केला होता.
ही काहीच बोलत नाही. कालपासून एक शब्द नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२६ मार्च, बुधवार.
कपाटाचं दार नवीन बसवायला घेतलं. बिजागरी उलटी लागली. जावईबापूंनी डाव्या हाताने काढून पुन्हा लावली. मी स्क्रू धरून उभा.
म्हटलं, बापू, एक ठेवून द्या मला. तुमच्या मनाचं समाधान होईल.
ते म्हणाले, मामा, तो स्क्रू द्या.

२९ मार्च, शनिवार.
पहाटे लेकीला दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. दोघी सुखरूप. देवाची कृपा.
ही आत होती, जावईबापू आत होते. मी बाहेर काचेपाशी. ओळीने पाळणे. बाळांच्या मनगटाला पट्ट्या बांधलेल्या, बहुतेकांच्या हिरव्या. एक पिवळी. विचारायची गरज नव्हती, नाक आमच्याकडचं होतं.
जाणाऱ्या नर्सला खुणेने विचारलं, ही तर इथेच जन्मली, अजून कुठून आली नाही की कुठे गेली नाही, ही पाहुणी कशी? नर्सला थोडं इंग्रजी येत होतं, मलाही थोडं. म्हणाली, बापाच्या कार्डावर जातं.
माझी मूठ आवळली गेली. आवळलेल्या मुठीने मी सगळीकडे बघितलं. नर्स निघून गेली होती. लादी पुसणारा एक म्हातारा होता. काच होती. काचेत काळ्यानिळ्या डोळ्याचा एक माणूस होता.
आत जायच्या दाराशी टेबल. बाळाला भेटायचं तिकीट. रहिवाशांना फुकट, पाहुण्यांना दर लिहिलेला. टेबलावरच्या माणसाने काही न विचारता पिवळं तिकीट फाडलं. मी नोट दिली. त्याने खण उघडून बघितला, सुटे नाहीत म्हणाला.
मी म्हटलं, राहू द्या.